आम्ही घर खालून बघितलं

ऊसवाल्या माणसाला ट्रॉली विकत घ्यायला पाठवा, तो फसणार नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो आल्या आल्या खाली वाकेल, मग सरळ पाठीवर झोपून आत सरकेल. एक्सल वाकलाय का बघेल, स्प्रिंगच्या पाट्यांना तडा गेलाय का ते बोटानं चाचपेल, हुकाला लाथ घालेल, टायरवर दगड आपटून आवाज ऐकेल. उठेल तेव्हा त्याच्या पाठीला माती असेल आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव. मीही असाच माणूस. आमची शेती सांगलीजवळची, ऊस पिढीजात, आणि मी घेतलेल्या सगळ्या ट्रॉल्या अजून कारखान्याला ऊस नेतात. म्हणून लोणंदहून मी जे ओढून आणलं त्याला माझा दांडगा अनुभव कारणीभूत आहे, अडाणीपणा नव्हे, असं मी घरी पुष्कळदा समजावून बघितलं. घरच्यांना अजून पटलेलं नाही.

आधी ते घ्यायची वेळ का आली ते सांगतो.

आक्का म्हणजे माझी आई. वय ऐंशीच्या घरात. आम्ही जैन. मी आपला सोयीचा जैन आहे. ताटात कांदा दिसला तर बाजूला सारतो, भज्यात दिसला तर ओळख दाखवत नाही. आक्काचं तसं नाही. दिवस मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. पाणी प्यायचं ते फडक्यानं गाळून, आणि ते फडकंही तिनं स्वतः धुतलेलं. बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. त्यामुळे जिथं आपल्या लोकांच्या जेवणाची सोय तिथंच तिचा प्रवास. अशा जागा बहुतेक डोंगरावर. आक्कानं आयुष्यभर डोंगर चढून उतरून गुडघे झिजवले. आम्ही पोरंबाळं घेऊन कोकणात जायचो तेव्हा ती दारात उभी राहून "सांबाळून जावा" म्हणायची आणि आम्ही आणलेल्या शंखाला कान लावायची.

एका दुपारी टीव्हीवर समुद्र दाखवत होते. आक्का चष्मा पुसून जवळ सरकली.

"एवढं पानी जातंय कुटं रं?"

"कुठं न्हाई. तितंच आसतंय."

"मग बघाय पायजे," ती म्हणाली.

हे साधं वाक्य वाटेल. पण ह्या बाईनं माझ्याकडं आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, दिवाळीनंतर नेतो. कारण पुढं मृग, कोकणात पाऊस, पाठोपाठ चातुर्मास, आणि चातुर्मासात ती गावाची वेस ओलांडत नाही. आक्का शेंगा निवडता निवडता म्हणाली, "दिवाळीचं काय, आसंल तर जाऊ." समुद्र असेल तर, की ती असेल तर, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या क्षणी ठरलं की मृगाच्या आत आक्काला समुद्र दाखवायचा, आणि तिची चूल तिच्याबरोबर न्यायची.

हे मी फौजीला सांगितलं. फौजी म्हणजे बांधाला बांध लागून असलेला माझा शेजारी. उभी उमर पलटणीत घालवून आला, आता माझ्या आयुष्यात शिस्त आणायचा प्रयत्न करतो आणि त्यात हरतो. त्याची सासुरवाडी लोणंदजवळ. आठवड्यानं तिथून त्यानं एक फोटो पाठवला, खाली बोलून पाठवलेलं: "गड्या, चाकावरचं घर. चूल आतच. मालकाला इकायचं हाय. फौरन निघ."

मी फौरन निघालो. अंघोळ राहूनच गेली.

मालक पुण्याचे एक गृहस्थ. हौसेनं हा चाकांवरचा डबा घेतला, हौस फिटली, मग लोणंदजवळच्या आपल्या जागेत झाडाखाली लावून ठेवला. डबा बघताक्षणी माझी मती गेली. पांढरा रंग, कडेनं निळी पट्टी, दोन चाकं, छोटं दार, जाळीच्या खिडक्या. आत ओटा, ओट्यात बेसिन, गॅसची जागा, भिंतीत मिटणारं टेबल आणि जोडली की पलंग होणारी दोन बाकं. फौजी बाकावर बसला, उठला, परत बसला.

"बर्फात आसलं घर मिळालं आसतं तर मी रिटायरच झालो नसतो," तो म्हणाला.

तरी आम्ही कच्चे नव्हतो. खाली पोतं अंथरलं आणि दोघंही डब्याखाली शिरलो. मालकांना बाहेरून फक्त आमचे पाय दिसत असणार.

"एक्सल?"

"सरळ."

"पाटं?"

"कोरं हायती गड्या. ग्रीस बघ की, लोण्यागत."

मालक माणूस सज्जन, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना बोल लावेल. ते वाकून म्हणाले, "काका, शिडी आणून देऊ का? एकदा वरूनही बघून घ्या. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेत ह्यानं."

फौजी खालूनच म्हणाला, "वर काय बघायचं?"

मीही हसलो. ट्रॉलीच्या वर आभाळ असतं. आभाळ कोण तपासतो?

मग आत आलो. आत ओल्या गोणपाटाचा वास होता. बंद घराला वास मारायचाच, असा निर्णय मी दिला. छताला तपकिरी नक्षी होती. कडेला गडद, मध्ये फिकी, ढगांसारखी पसरलेली. मला ती फार आवडली. फौजीनं छताला बोट लावलं तर बोट अलगद आत गेलं.

"कुशन हाय," तो म्हणाला. "घाटात उडालो तर डोस्कं फुटू नये म्हनून. आमच्या गाड्यांत बी आसायचं."

मीही दाबून बघितलं. मऊ. मालकांना म्हटलं, "छान सोय केलीय."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि आपणहून भाव उतरवला. मला वाटलं, ही माझ्या जिभेची करामत. आता कळतं, ती दया होती.

पैसे मोजायच्या आधी बायकोचा फोन आला.

"आवं, गळत न्हाई न्हवं ते?"

"मृगाच्या आत जायाचंय. पाऊसच न्हाई तर गळंल कशाला?"

"ह्येला उत्तर म्हनत्यात व्हय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी तोवर होकार देऊन बसलो होतो.

परतीचा प्रवास म्हणजे वरातच. डबा माझ्या जीपच्या मागं, मी आरशात बघून गाडी चालवतोय, पुढचा रस्ता फौजी सांगतोय. साताऱ्याला चहाला थांबलो तर एक बाई कडेवर पोर घेऊन आली, "लस कवा सुरू करनार?" फौजीनं तिला गंभीरपणे सांगितलं की डॉक्टर अजून शिकतोय, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. कराडच्या पुढं एकानं मोटारसायकल बरोबर लावून विचारलं, रक्त घेता का देता. पेठ नाक्याला आत वळायच्या आधी जरा थांबलो, तर दोघं खिडकीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दोन प्लेट द्या, तिखट." मला इतकं भारी वाटत होतं की जवळ भजी असती तर देऊन टाकली असती.

गावात शिरलो तोवर बातमी पुढं गेलेली. बायकोनं मागं आणलेल्या लफड्याकडं बघितलं, मग माझ्या पाठीवरच्या मातीकडं, आणि हळद-कुंकू आणायला आत गेली. नारळ फुटला. आक्का काठी टेकत आली, दाराची पायरी चढली आणि आत गेली.

ती आत काय करतेय ते मी खिडकीतून बघत होतो. तिनं ओट्यावरून हात फिरवला. नळ सोडला, बंद केला. बाकावर बसून बाहेर बघितलं, जसं काही डबा चालूच आहे. मग भिंतीकडं बोट दाखवून म्हणाली, "हितं एक खिळा मार. पान्याचं फडकं वाळत घालाय लागंल."

एवढं ऐकल्यावर मी हवेतच. माझ्यापेक्षा फौजी जास्त. त्यानं विहिरीची मोटर चालू केली, पाईप खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "रस्त्याची धूळ हाय, लख्ख करतो." आणि वरून फवारा सोडला.

आतून आक्काचा आवाज आला. ओरडणं नव्हे, बोलणंच.

"फौजी, आत बी मानूस हाय रं."

मी दारात गेलो. छतातल्या दिव्यातून पाण्याची धार लागली होती. ढगांची नक्षी माझ्या डोळ्यांदेखत गडद झाली, कुशन फुगलं, खाली झुकलं, आणि ओल्या भाकरीसारखा एक तुकडा सुटून आक्काच्या मांडीवर पडला. आणि त्यातून निघाले मुंगळे. काळे, मोठे, पांढरी अंडी तोंडात धरलेले, आक्काच्या पदरावरून, हातावरून, चष्म्याच्या काडीवरून सैरावैरा पळणारे.

आक्का जागची हालली नाही. "कुनी हालू नगा," ती म्हणाली. "चिरडत्याल."

मग मऊ कुंचा आणवला. बायकोनं एकेक मुंगळा पदरावरून झाडून कागदावर घेतला आणि मी ते कागद बाहेर नेऊन ठेवत राहिलो. ह्या कामाला लागलेल्या वेळात मी मनातल्या मनात मालकांची शिडी दहा वेळा चढून आलो.

मोकळी झाल्यावर आक्का खाली उतरली. वर बघत म्हणाली, "त्यांचं घर हाय ते. हितं चूल पेटवायची न्हाई."

फौजी म्हणाला, "आक्का, द्राक्षाचं औषिद हाय माझ्याकडं. एकच फवारा मारतो."

"मी समुद्र बघाय जायाचं म्हनून ह्यांनी मरायचं व्हय?"

फौजीनं पाईप गुंडाळायला घेतला. आक्का घरात गेली. दुसऱ्या दिवशी ती समुद्राबद्दल बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिनं राग धरला असता तर बरं झालं असतं. तिनं तो विषय मिटवून टाकला होता, टीव्ही बंद करावा तसा. इकडं मृग जवळ येत होता.

तेव्हा मी डोकं लावलं. माझ्या डोक्याचा इतिहास आत्तापर्यंत तुमच्या लक्षात आलाच असेल. मी विचार केला, मुंगळ्यांना मारायचं नाही, मग बोलवायचं. आमच्या भागात गुळाला काय तोटा? एक मोठी ढेप फोडून डब्याच्या चाकांपाशी ठेवली. वरचे खाली येतील, गुळाच्या वासानं मी त्यांना हळूहळू बांधापर्यंत नेईन, असा बेत. सकाळी उठून बघतो तर डब्यातले मुंगळे जागच्या जागी, आणि शिवारातले बाकीचे चाकांवरून रांगेनं वर निघालेले. बारक्या लाल मुंग्याही आल्या होत्या, ज्यांचा ह्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

"आवतन छापून वाटायचं तेवढं ऱ्हायलं," बायको म्हणाली.

आक्का ओसरीवरून बघत होती. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "काय रं, तुला घरातनं काढायचं म्हनून दारात गूळ ठेवला तर तू घर सोडशील? आनकीच मांडी घालून बसशील."

"मग काय करू, तूच सांग."

"घर सोडत न्हाईत कुनी. घरासकट उचलून न्या."

हे ऐकून बायकोनं पदर खोचला आणि फर्मान काढलं: सगळं छत काढायचं, नुसतं सडकं नव्हे. मी आणि फौजी आत शिरलो. खिळे उपटायचे, पण धक्का न देता. कापायचं, पण हळू. फौजी सुरुंग काढणाऱ्या माणसागत श्वास रोखून काम करत होता. एकेक फळी दोघांनी दोन बाजूंनी धरायची, पाण्यानं भरलेलं ताट नेल्यासारखी न्यायची, आणि बांधावरच्या जांभळीखाली विटांवर ठेवायची. फळीवरचे मुंगळे आमच्या हातांवर चढत, चावत, आणि आम्ही ओरडायचं नाही कारण ओरडलं की हात हालतो. असं मुकाट्यानं चावून घेणारं आमचं जोडपं बघायला गल्ली जमली होती. फौजीनं शेवटी त्या फळ्यांवर आडवा पत्रा टाकला, ऊन-पाऊस लागू नये म्हणून.

"आपल्या आधी ह्यांचं छप्पर झालं," तो हात चोळत म्हणाला.

मग आमचंही झालं. ट्रॉल्या बांधणाऱ्या वर्कशॉपमधून पत्रा आणला. शिडी लावली, ह्या वेळी कुणी न सांगता. वर चढल्यावर सगळा उलगडा झाला: छताच्या जोडावरचा डिंकासारखा मसाला वाळून उकलला होता, त्या फटीतून दर पावसाळा आत मुक्कामाला आलेला. जुना मसाला खरवडला, नवा भरला, पत्रा ठोकला. भिंतींचं ओलं प्लायवूड उन्हात इतकं वाळवलं की पापडाला लाज वाटावी.

फौजी पाईप घेऊन तयार झाला तेव्हा आक्का म्हणाली, "थांब. आता ह्येला आत बसव."

मी आत बसलो. वरून विहीर कोसळत होती आणि मी छताकडं डोळे लावून बसलेलो. खरं सांगतो, एक थेंब पडला. तो माझ्या टकलावर पडला, मी हात फिरवून पुसला आणि बाहेर येऊन सांगितलं की सगळं कोरडं आहे. मसाल्याचं आणखी एक बोट मी नंतर गुपचूप फिरवून आलो.

आक्कानं भर दुपारी आत जाऊन प्रत्येक कोपरा बघितला. बाकं उचलायला लावली. नळाखाली वाकून बघितलं. मग बाहेर आली आणि जांभळीखाली जाऊन फळ्यांशी चिमूटभर पीठ ठेवलं.

"उद्या निगू या," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि हे मी पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही हे माहीत असून सांगतो.

निघालो. फौजी जीपवर, कारण आक्कानं माझ्या हातात गाडी द्यायला नकार दिला. "तू आरशात बघत चालवतोस म्हनं," असं ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं ते मी बायकोकडं बघूनच ओळखलं. आंबा घाटाच्या अलीकडं झाडाखाली थांबलो. बायकोनं डब्यात गॅस पेटवला, आक्कानं खिळ्यावरचं फडकं घेऊन पाणी गाळलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, काकडी. रस्त्याच्या कडेला, ट्रक जाताहेत, आणि आक्का स्वतःच्या चुलीवरचं जेवतेय. फौजीनं खिशातून हळूच कांदा काढला.

"भाईर जाऊन खा रं," आक्का मान वर न करता म्हणाली.

घाट उतरताना डबा जीपला ढकलायला बघत होता. फौजी पहिल्या गिअरमध्ये, मागं गाड्यांची ही लांब रांग, हॉर्न वाजताहेत. आक्का म्हणाली, "वाजवू द्यात. त्यांनी बघितलेला आसंल समुद्र."

पोचलो तेव्हा सूर्य पाण्याच्या वर हातभर होता. सुरूच्या झाडांपाशी डबा लावला. बायको लगेच आत गेली. आक्काचं जेवण मावळायच्या आत व्हायला हवं; त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. मी टेबल उघडलं, फौजी आक्काला हाताला धरून वाळूत घेऊन गेला.

थोड्या वेळानं डब्याच्या दारातून बायकोनं हाक मारली. "आवं, ताट वाढलंय. दिवस चालला. आणा की आक्कांना."

मी वाळूत पळत गेलो. आक्का पाण्याच्या कडेला उभी. लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, एक हात फौजीच्या हातात. लाट यायची, तिच्या पायांवरून जायची, पायाखालची वाळू ओढून न्यायची. तिनं मला विचारलं, "खारट हाय व्हय खरंच?"

"व्हय."

"न गाळलेलं हाय, मी न्हाई घ्यायची. तू चाखून सांग."

मी ओंजळ भरायला वाकलो. मागून मोठी लाट आली आणि ओंजळीची गरज राहिली नाही. मी खोकत उठलो तेव्हा आक्का आणि फौजी दोघं हसत होते.

"हाय, हाय, खारट हाय," मी म्हटलं. "आता चल. ताट निवलं. दिवस बुडतोय."

तिनं सूर्याकडं बघितलं. तो पाण्याला टेकला होता. मग मागं डब्याकडं बघितलं. दारात बायको उभी, आतला दिवा लागलेला, ओट्यावरून वाफ येत होती. हे ताट इथवर आणायला काय काय झालं होतं ते मलाच ठाऊक.

"तुमी जेवा," आक्का म्हणाली. "मी सकाळी जेवीन."

"आगं, पानी तरी पी. रात्रभर पानी बी न्हाई मग तुला."

"हे काय कमी हाय व्हय," ती म्हणाली.

सूर्य बुडाला. मी तिथंच उभा राहिलो, नखशिखांत ओला. बायको हातातलं ताट झाकून ठेवून स्वतःच आली आणि आक्काच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. लाट ओसरली, लांब गेली, वाळू चकचकीत झाली. आक्कानं फौजीचा हात हलवला.

"आनी जरा फुडं जाऊ या?"

आम्ही गेलो.